दुपारचा रकाना

मला समुपदेशक बाईंकडे पाठवलं ते ब्युरेट फोडली म्हणून नव्हे. थेंब मोजायची ती काचेची लांब नळी वर्षातून एकदा कुणाच्या ना कुणाच्या हातून फुटतेच. मी ती फोडल्यावर हसत सुटले आणि दहा मिनिटं थांबले नाही, म्हणून पाठवलं.

आमची प्रयोगशाळा शहराला नळानं येणारं पाणी तपासते. मी तिथे अठरा वर्षं आहे. त्या अठरा वर्षांत मी मोठ्यानं हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे साहेब घाबरले असावेत.

"झोप लागते का?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"चार तास दहा मिनिटं. सरासरी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. घरी कोण कोण असतं, विचारलं. मी सांगितलं. आईला दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं पाच-सहा शब्दांवर आलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दिवसा तिच्याजवळ मावशी असतात, पगारी. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत मी.

"आणखी कुणी भावंडं?"

"मोठी बहीण. बसनं अर्ध्या तासावर राहते. शिवणकाम करते."

"येते?"

"येणार म्हणते."

बाई म्हणाल्या, "तुम्ही लिहीत जा. मन जड झालं की बसायचं आणि लिहायचं. कुणासाठी नाही, स्वतःसाठी."

"कोणत्या पद्धतीनं?"

"पद्धत नसते हो याला."

पद्धत नसलेलं काही मला करता येत नाही. मी प्रयोगशाळेतली एक शिल्लक नोंदवही घरी आणली. तिच्या पानांवर छापील आकडे असतात, त्यामुळे एखादं पान फाडलं तर लगेच कळतं. नियम मला पाठ होते. शाईनं लिहायचं. खोडायचं नाही. चुकलंच तर एक आडवी रेघ मारायची, ती अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला तारीख टाकायची. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. पानाच्या तळाशी दोन चौकटी असतात. एक लिहिणाऱ्याच्या सहीची, दुसरी साक्षीदाराच्या. घरी साक्षीदार कुठला असायला? ती चौकट रिकामीच राहायची.

सकाळी सव्वासहाला आईला कूस बदलून दिली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे. पहिली नोंद अशी आहे: "रविवार. ताई अकराला येणार होती. आली नाही. फोन नाही. आईनं दोनदा दाराकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी दार लावून घेतलं."

एवढं लिहिलं आणि जबडा सैल झाला. तो इतके दिवस आवळलेला होता हे मला तोवर माहीत नव्हतं.

वहीचा गुण आला, हे मला मान्य करायलाच हवं. दोन महिन्यांत झोप सहा तासांवर गेली. मावशींनी वरणाला जास्त पाणी घातलं तर मी भांडं आपटेनाशी झाले. राग कागदावर उतरला की दिवसभर तो मला सापडायचा नाही. पंधरवड्यानं बाईंकडे जायचे तेव्हा त्या म्हणायच्या, "चेहरा उजळलाय तुमचा." मी स्वतःला ओळखायला लागले, असंही त्या म्हणाल्या. वहीतली मी मला आवडायची. ती सोसत होती, चिडत नव्हती, आणि तिच्याकडे तारखा होत्या.

आईबद्दलही लिहायचे. "डाव्या हातानं चादरीचा काठ चिमटीत धरते, दुमडते, सोडते, पुढे सरकते. निरर्थक हालचाल. चाळीस मिनिटं." ते बघवत नसे.

कामावर माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी आहे. त्याला सगळे 'गाळणी' म्हणतात, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्या वर्षीचा वार्षिक तक्ता त्यानं केला होता. मी तो परत त्याच्या टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"या तक्त्यावरून अख्ख्या शहराचं पाणी नासलंय."

"मग? आकडे खरे आहेत. एकेक नमुना मी स्वतः तपासलाय."

"आकडे खरेच आहेत. पण तक्रार आली तिथलेच नमुने घेतलेस. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांचं पाणी कुठंय?"

"ते चांगलं असणार. म्हणून तर गप्प आहेत."

"मग ते लिहिलंयस कुठे?"

"तुझ्या नवऱ्याचं नशीब थोर," तो म्हणाला, "की तो झालाच नाही."

मी तक्ता त्याच्याकडून दुसऱ्यांदा करून घेतला.

पाच महिन्यांनी ताईचा फोन आला. तिनं तळमजल्यावर जागा घेतली होती. पुढची खोली दुकानाला, मागं दोन खोल्या, दाराशी थोडं अंगण. "आईला मी घेऊन जाते," ती म्हणाली. "तिथे खुर्ची बाहेर काढता येईल. दोन वर्षं होत आली, तिनं आभाळ पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "समोरासमोर बोलू."

मोठे निर्णय आमच्याकडे मामांना विचारून होतात. आईचा धाकटा भाऊ. त्यांनी तीस वर्षं न्यायालयात कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर तीच घरी चालू ठेवली. कुणी काही सांगायला लागलं की ते हात वर करतात. "तोंडी काय, कुणीही बोलतं. लेखी आहे का?"

रविवारी दोघं आली. मावशींची सुट्टी होती. आई आतल्या खोलीत, दार उघडं. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. ताईच्या गळ्यात टेप तसाच होता, दुकानातून निघताना काढायचा राहून गेलेला.

"हिला बघा मामा," ताई म्हणाली, "चहात साखरसुद्धा सपाट चमच्यानं. आमची मोजपट्टी."

हे माझं लहानपणापासूनचं नाव.

"मोजावं लागतं," मी म्हटलं. "आईला पाणी घट्ट करून द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. शंभर मिलिलिटरला दीड चमचा. तुला हे माहीत आहे?"

"तूच शिकवलंस की. आणि मी दिल्यावर पुन्हा ग्लास उचलून उजेडात धरून बघितलंस. मावशींच्या देखत."

"बघायला नको?"

"बघ ना, बाई. जन्मभर बघ. मी पण दिवसभर मोजतेच. पण मी मोजल्यावर कुणाला तरी कपडा मिळतो."

मामा हसले. मग त्यांनी मला विचारलं, "तुझं म्हणणं काय?"

मी वही आणली. ती वाचून दाखवायची असं मी ठरवलं नव्हतं. पण ती हाताशी होती आणि पानांना आकडे होते. मी तारखा वाचल्या. एकोणीस रविवार आणि बारा इतर दिवस. एकूण एकतीस वेळा ताई येते म्हणाली आणि आली नाही. प्रत्येक तारखेखाली आईनं दाराकडे किती वेळा पाहिलं, तेही होतं. वाचायला सतरा मिनिटं लागली. माझा आवाज एकदाही चढला नाही.

ताईचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"मी दुपारची येते," ती म्हणाली. "रविवारी तू असतेस म्हणून येत नाही. येईन म्हणते, पण पाय निघत नाही. दुपारी येते, मामा."

"लेखी आहे?"

"आईच्या केसाला तेल लावायला मी लेखी काय करू?"

मामा माझ्याकडे वळले. "येते का गं ही दुपारी?"

"क्वचित," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नाही, हे मला इथे लिहायचं आहे. मला खरंच तसं वाटत होतं. त्या क्षणी मी आठवणीत शोधलं आणि मला वही सापडली. वहीत दुपारची ताई कुठेच नव्हती.

"जिच्या हातून ठरलेल्या दिवशी येणं होत नाही," मामा म्हणाले, "तिच्या भरवशावर चोवीस तास पेशंट द्यायचा कसा? भावना आपल्या जागी. इथे कागद बोलतोय." आणि त्यांनी वही ओढून घेऊन शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "ही चौकट कसली?"

"साक्षीदाराची."

"उत्तम. पुढे वाद नको. 'वरील मजकूर वाचून दाखवला, मान्य आहे' असं लिही आणि ताईकडून सही घे."

मी लिहिलं. ताईनं मजकुराकडे पाहिलंही नाही. ती आतल्या खोलीत गेली, आईच्या पायाशी बसली. मी दारातून बघत होते. आईचा डावा हात चादरीच्या काठावर चालू होता.

"बघ, हे सारखं चालतं," मी म्हटलं. "डॉक्टरांना सांगायला हवं."

"काय सांगणार?" ताईनं वळून न बघता विचारलं. "काठ दुमडतेय ती. टीप घालायच्या आधी दुमडतात तसा. मला शिवण कुणी शिकवलं असं वाटतं तुला?"

मग ती बाहेर आली आणि तिनं सही केली. प्रयोगशाळेच्या नियमानं ते पान आता पूर्ण होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर, तिच्या डोक्यामागे तीन फुटांवर, मावशी रोज भरायच्या तो आईच्या रक्तदाबाचा तक्ता लटकत होता. तो आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही.

नंतरच्या पाच आठवड्यांत आईचा रक्तदाब चढत गेला. डॉक्टर म्हणाले, "गोळी वाढवण्याआधी मागचे आकडे बघू. सहा महिन्यांचे आणा."

आकडे होतेच. तो तक्ता मीच आखला होता. तारीख, सकाळचा रक्तदाब, संध्याकाळचा रक्तदाब, औषधं, आणि शेवटी एक अरुंद रकाना: 'दुपारी सोबत कोण'. मावशी दुपारी भाजी आणायला किंवा पाय मोकळे करायला खाली उतरत, तेव्हा आई एकटी राहू नये म्हणून मी तो ठेवला होता. मावशी त्यात एकच अक्षर लिहीत, स्वतः असल्या तर 'मी'. महिना संपला की मी कागद काढून फाइलला लावायचे. रक्तदाबाच्या रकान्यावरून नजर फिरवायचे, शेवटच्यावरून नाही.

शनिवारी सकाळी टेबलावर सगळे कागद मांडून मी आकडे उतरवायला घेतले. शेवटच्या रकान्यात 'मी', 'मी', 'मी', आणि मग 'ता'. पुन्हा 'मी', 'मी', 'ता'.

मी मोजले. वहीच्या पाच महिन्यांत चव्वेचाळीस 'ता'. रविवारच्या बैठकीनंतर एकही नाही.

मग मला आठवायला लागलं. संध्याकाळी मी चप्पल काढत असताना मावशींनी पिशवी खांद्याला अडकवत म्हटलेलं, "आज ताई आल्या होत्या, नखं कापून गेल्या." "ताईंनी उशीला नवा अभ्रा शिवलाय." "ताई होत्या म्हणून मी बँकेत जाऊन आले." मी "बरं" म्हणायचे. ते टोचायचं नाही, त्यामुळे मन जड व्हायचं नाही, त्यामुळे सकाळी सव्वासहाला ते वहीत जायचं नाही. आणि वहीत गेलं नाही ते काही महिन्यांनी माझ्यातूनही गेलं. अभ्रा मी रोज बघत होते. तो कुठून आला याचा मी विचार केला नव्हता.

गाळणीला मी तक्ता दुसऱ्यांदा करायला लावला होता.

तिथे थांबायला हवं होतं, पण सवय वाईट. मी 'ता' असलेल्या दिवसांचे संध्याकाळचे आकडे एकीकडे काढले, 'मी' असलेल्यांचे दुसरीकडे. ताई आलेल्या दिवशी आईचा वरचा रक्तदाब सरासरी एकशे अडतीस. न आलेल्या दिवशी एकशे एकावन्न. मी फरक तपासून पाहिला. तो योगायोगानं येण्याइतका लहान नव्हता.

तेराचा फरक. डॉक्टर वाढवणार होते ती गोळी साधारण तेवढंच करते.

मी कागद घेऊन ताईकडे गेले. दुकानाचा दरवाजा उघडा होता. ताई मशीनवर, समोर निळ्या कापडाचा ढीग. मागच्या खोलीत दुसरं मशीन चालू होतं आणि एक अनोळखी बाई त्यावर वाकलेली होती.

"ही खोली आईची होती ना?" मी विचारलं.

"होती. शाळेच्या गणवेशांचं काम आलं, मदतीला बाई ठेवली." तिनं टीप संपवली, दोरा दातानं तोडला. "बोल."

मी कागद तिच्यापुढे ठेवले. चव्वेचाळीस म्हणाले. एकशे अडतीस आणि एकशे एकावन्न म्हणाले. तिनं कागदाला हात लावला नाही. हाताला तेल होतं.

"मला कशाला दाखवतेस? मी किती वेळा आले ते मला माहीत होतं."

"मला माहीत नव्हतं."

"तुला माहीत होतं गं. तू लिहिलं नव्हतंस."

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. ती बाई ऐकत असावी.

"मी मामांना सांगते," मी म्हटलं. "तू आईला घेऊन ये. खोली मी रिकामी करून देते, मीच माणसं बोलावते."

"आणि माझ्या सहीचं काय करतेस?"

"त्यावर रेघ मारते."

"खालचं वाचता येईल अशी ना?" ताई हसली. त्या हसण्यात चेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "तू वाचत होतीस तेव्हा मी काय बघत होते सांगू? वाटलं, एकदा तरी अडखळेल. एका तरी तारखेला म्हणेल, नाही, त्या आठवड्यात ताई दुपारी येऊन गेली होती. एकतीस तारखा वाचल्यास. रेडिओवर बातम्या देतात तशा."

"मला बरं वाटावं म्हणून लिहीत होते, ताई."

"वाटलं का?"

मी कागद गोळा करायला लागले. उत्तर 'हो' होतं.

तिनं मशीनखाली नवं कापड सरकवलं. "आता नेऊन काय करू? आई तिथून इथे, आणि तू रोज संध्याकाळी येऊन ग्लास उजेडात धरणार. जा तू. गणवेश सोमवारी द्यायचेत."

समुपदेशक बाईंकडे शेवटची बैठक शिल्लक होती. मी त्यांना सगळं क्रमानं सांगितलं.

"मी लिहा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवा म्हटलं नव्हतं."

"मन जड झालं की लिहा, असं म्हटलं होतंत."

"हो."

"ते हलकं असेल तेव्हा काय करायचं, ते सांगितलं नव्हतंत."

त्यांनी माझ्या कागदावर 'समाधानकारक सुधारणा' असं लिहिलं आणि सही केली. झोपेचे तास त्यांनी विचारले होते. सहा तास वीस मिनिटं. तो आकडा अजूनही तेवढाच आहे. मी गुन्हेगारासारखी तळमळत पडते असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी झोपते.

मामांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. "सही झालेल्या मजकुरावर फेरविचार कसा करणार?" म्हणाले. "आणि तिचीच हरकत नाही म्हणतेस, मग तुझी काय?"

आईची गोळी वाढवली. रक्तदाब उतरला. हे मागच्या महिन्यातलं.

या मंगळवारी मी घरी आले तेव्हा आईच्या केसांची वेणी घातलेली होती. घट्ट, बारीक, शेवटी निळ्या कापडाची पट्टी बांधलेली. मावशींना अशी वेणी येत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारावरचा तक्ता बघितला. शेवटच्या रकान्यात दोन जागा रिकाम्या होत्या. मंगळवारचा रिकामा, त्याआधीचा गुरुवार रिकामा. बाकीच्या दिवशी 'मी'.

"मावशी, दुपारी ताई आली होती का?"

मावशी पिशवीत डबा भरत होत्या. "ते मला विचारू नका, बाई."

"का?"

"'माझं नाव कुठे लिहायचं नाही, आणि बाईंना सांगायचं नाही', अशी शपथ घातलीय—" आणि त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. "कुणी, ते मी सांगितलेलं नाही हं."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही काही सांगितलेलं नाही."

त्या गेल्यावर मी आईजवळ बसले. तिचा डावा हात काठावर होता. मी चादरीचा काठ तिच्या चिमटीत नीट दिला, पुढे सरकायला ताणून धरला. तिनं दोन वेळा दुमडला आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

सकाळी सव्वासहाला वही उघडली. ताईची सही असलेल्या पानानंतरचं पान घेतलं. तारीख घातली. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. मी लिहिलं: "ताई आली असावी."

मग 'असावी'वर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख टाकली. त्या जागी दुसरा शब्द लिहायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता.